सरकत नाही तोवर

दिवाळीपूर्वीची साफसफाई निघाली की घरातले लोखंडी कपाट भिंतीपासून पुढे घेण्याचा प्रसंग येतोच. घरातला एक जण खांदा लावतो. कपाट हलत नाही. दुसरा येऊन हात देतो. तरीही हलत नाही. तिसऱ्या खेपेस सगळे मिळून रेटा देतात आणि कपाट एकाएकी, हवे होते त्याहून जरा जास्तच, पुढे येते. कुणाचा तरी तोल जातो, फरशीवर एक पांढरट ओरखडा उमटतो, आणि मागच्या धुळीत वर्षापूर्वी हरवलेले काहीतरी सापडते. सांगणारा ही हकीकत नेहमी तिसऱ्या रेट्यापासून सांगतो, कारण घडले ते तेव्हा. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मात्र पहिले दोन निष्फळ रेटेच अधिक अर्थपूर्ण आहेत. घर्षण नावाच्या बलाचा खरा स्वभाव वस्तू सरकत नाही तोवरच प्रकट होत असतो.

कपाट हलले नाही म्हणजे त्याच्यावर बल पडले नाही, असे म्हणता येत नाही. खांदा लावणाऱ्याने बल लावलेच होते. तरीही वस्तू स्थिर राहिली, तेव्हा तितकेच बल उलट दिशेने लागले असले पाहिजे. ते फरशीने कपाटाच्या पायांवर लावले. एका माणसाने १०० न्यूटन बल लावले तर फरशीचे उत्तर १०० न्यूटन. दोघांनी मिळून ३०० लावले तर उत्तर ३००. कुणीच ढकलत नसेल तर उत्तर शून्य. डावीकडून ढकलले तर ते उजवीकडून येते, उजवीकडून ढकलले तर डावीकडून. निसर्गातली सगळीच बले अशी वागत नाहीत. गुरुत्वाकर्षण कपाटाला विचारून खाली ओढत नाही. त्याचे माप वस्तुमानावरून आधीच ठरलेले असते. घर्षणाला स्वतःचे असे ठरलेले माप नाही आणि ठरलेली दिशाही नाही. ते उत्तरादाखल येते.

या उत्तराला मर्यादा असते, आणि घर्षणाचा सगळा नियम म्हणजे वस्तुतः ही मर्यादा सांगणारे एक विधान आहे. समजा, कपाटाचे वस्तुमान ८० किलोग्रॅम आहे. फरशीवर त्याचा दाब सुमारे ७८४ न्यूटन. लोखंड आणि फरशी यांच्या जोडीसाठी स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर फरशी जास्तीत जास्त ३९२ न्यूटनांपर्यंत उत्तर देऊ शकते. त्यापुढे तिची ताकद संपते आणि कपाट सुटते. एकदा सुटले की घर्षण किंचित खाली येते. सरकत्या वस्तूचा गुणांक ०.४ धरला तर ते ३१४ न्यूटन भरेल. म्हणजे ज्या रेट्याने कपाट जेमतेम सुटले, त्याच रेट्यातले ऐंशीएक न्यूटन आता शिल्लक उरतात आणि कपाट वेग घेते. तोल जातो तो यामुळे.

विद्यार्थी बहुधा याच ठिकाणी चुकतात, आणि त्यांची चूक गणिताची नसते, वाचनाची असते. घर्षण म्हणजे गुणांक गुणिले दाब, असे समीकरण त्यांनी पाठ केलेले असते. प्रश्नात १०० न्यूटनांचा रेटा दिला तरी ते इमानेइतबारे ३९२ न्यूटन घर्षण लिहून मोकळे होतात. या उत्तरावर क्षणभर विश्वास ठेवला तर काय घडेल? ढकलणाऱ्याच्या १०० विरुद्ध फरशीचे ३९२. कपाट ढकलणाऱ्याच्याच अंगावर धावून येईल. पुस्तकात त्या समीकरणाच्या मधोमध ‘पेक्षा अधिक नाही’ असे सांगणारे एक चिन्ह असते. ते बरोबरीचे चिन्ह म्हणून वाचले की एक जिवंत विधान मृत होते. कवितेतला ‘जणू’ गाळून तिचा अर्थ सांगणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही चूक अपरिचित वाटू नये.

दुसरी चूक याहून खोल आहे, आणि तिचा दोष विद्यार्थ्यांकडे जात नाही. शालेय पुस्तकांच्या कित्येक पिढ्यांनी ‘घर्षण गतीला विरोध करते’ हे वाक्य जपले आहे. वाक्य सुटसुटीत आहे, परीक्षेत एक गुण मिळवून देणारे आहे आणि जसे लिहिले आहे तसे चुकीचे आहे. माणूस चालतो कसा, एवढेच पाहिले तरी पुरे. मागचा पाय जमिनीला मागे रेटतो. जमीन आणि तळवा यांच्यात घर्षण नसते तर तो पाय मागे घसरला असता. तळवा मागे घसरू पाहतो म्हणून घर्षण त्याला पुढे ढकलते, आणि हे पुढे ढकलणेच माणसाला पुढे नेते. पावसाळ्यात विहिरीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर प्रत्येक जण जपून, लहान पावले टाकत उतरतो, कारण तिथे हा आधार किती मिळेल याची खात्री नसते. मालमोटारीच्या हौद्यातले खोके गाडीबरोबर वेग घेते तेही हौद्याच्या घर्षणामुळेच. तिथे घर्षण आणि खोक्याची गती एकाच दिशेला आहेत. ज्याला गतीचा शत्रू ठरवले, तेच इथे गतीचे कारण झालेले दिसते.

दुरुस्ती एका शब्दाची आहे. घर्षण विरोध करते ते घसरण्याला: परस्परांना टेकलेल्या दोन पृष्ठांपैकी एक दुसऱ्यावरून घसरू लागले, किंवा घसरू पाहत असले, तर त्या सापेक्ष घसरणीला. ‘गती’ या प्रशस्त शब्दाच्या जागी ‘घसरण’ हा किरकोळ, काहीसा घरगुती शब्द ठेवला की चालणे, चाक, गाठ, खिळा, विणलेले कापड हे सगळे एकदम समजू लागते. भिंतीतला खिळा टिकतो तो घर्षणाने. कापूस पिळून सूत होते तेव्हा आखूड तंतूंना एकत्र धरते ते घर्षणच. त्यांच्यामध्ये डिंक नसतो. ज्या भाषेपाशी घासणे, घसरणे, उगाळणे, चोळणे, खरवडणे, कातणे असे बारीक भेद दाखवणारे शब्द आहेत, त्या भाषेतल्या पाठ्यपुस्तकाने नेमका ढोबळ शब्द निवडावा, याला दैवदुर्विलासच म्हटले पाहिजे.

मराठी समीक्षेचाही या धातूशी जुना संबंध आहे, मात्र तिने त्याची फारशी चौकशी केलेली नाही. नाटकाचा प्राण म्हणून जो ‘संघर्ष’ शिकवला जातो, तो ‘घृष्’ याच धातूपासून आलेला आहे. दोन वस्तूंनी एकमेकींवर घासणे हा त्याचा मूळ अर्थ. समीक्षेत येता येता त्याची टक्कर झाली. दोन बाजू दुरून धावत येतात आणि आदळतात, अशी काहीशी प्रतिमा त्याच्यामागे उभी राहिली. घासण्यात धावून येणे नाही. तिथे दोघे आधीच एकमेकांना टेकलेले असतात, एकमेकांवर भार टाकून उभे असतात, आणि पुष्कळ काळ काहीच सरकत नाही. एका छपराखालच्या माणसांची नाटके वाचताना हा मूळ अर्थ अधिक उपयोगी पडला असता. असो.

उत्तराची ही मर्यादा कशावर ठरते, हा प्रश्न मोजमाप करून विचारणारा पहिला ज्ञात मनुष्य चित्रकार होता. लिओनार्दो दा विंचीच्या खिशात मावतील अशा काही वह्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. चार्ल्स डिकन्सचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर याच्या संग्रहातून त्या तिथे आल्या आणि त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांतल्या १४९३ सालच्या एका पानावर वरच्या बाजूला एका वृद्ध स्त्रीची अंधूक आकृती आहे. तिच्याजवळ सौंदर्याच्या नश्वरतेविषयीची पेत्रार्कची एक ओळ उतरून घेतलेली आहे. त्याखाली तांबड्या खडूने काढलेल्या काही आकृत्या आहेत: ओळीने मांडलेले ठोकळे, त्यांना बांधलेली दोरी, कप्पीवरून खाली सोडलेले वजन. विसाव्या शतकाच्या आरंभी या पानाकडे लक्ष गेले ते त्या स्त्रीमुळे आणि त्या ओळीमुळे. १९२०च्या दशकात संग्रहालयाच्या एका संचालकांनी खालच्या आकृत्यांना असंबद्ध टिपणांच्या सदरात टाकले. केंब्रिजचे अभियंते इयान हचिंग्ज यांनी २०१६ साली हे पान लिओनार्दोच्या इतर टिपणांशी ताडून पाहिले, तेव्हा घर्षणाच्या नियमांची सर्वांत जुनी नोंद ती हीच, असे स्पष्ट झाले.

साहित्याच्या आणि कलेच्या अभ्यासकांनी हा प्रसंग थोडा मनाला लावून घ्यावा असा आहे. पान एकच होते. झिजत चाललेल्या चेहऱ्याखाली घासणाऱ्या ठोकळ्यांची आकृती होती. हा योगायोग होता की लिओनार्दोच्या मनात त्यांचा काही संबंध होता, याविषयी तर्क करणे धोक्याचे आहे. पण वाचणाऱ्यांनी अर्धे पान वाचले आणि उरलेले अर्धे असंबद्ध ठरवले, एवढे मात्र खरे.

लिओनार्दोला दोन गोष्टी कळल्या होत्या. वजन दुप्पट केले की घर्षण दुप्पट होते, ही पहिली. आणि ठोकळा कोणत्याही अंगावर ठेवला तरी घर्षण तेवढेच राहते, ही दुसरी. वह्या अप्रकाशित राहिल्या आणि हे ज्ञान त्याच्याबरोबर गेले. १६९९ साली गियोम आमोंताँ याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हेच दोन नियम स्वतंत्रपणे मांडले. आमोंताँला तरुणपणीच बहिरेपण आले होते. त्याचे लक्ष यंत्रांकडे होते आणि यंत्रांत वाया जाणाऱ्या श्रमाचा हिशेब त्याला करायचा होता. भाराच्या सुमारे एक तृतीयांश घर्षण होते, असे त्याने काढले. पहिला नियम अकादमीने मान्य केला. दुसऱ्यावर शंका घेतली आणि प्रयोग पुन्हा करून पाहण्याचे काम फिलिप द ला हिर याच्याकडे आले. त्याचे निष्कर्ष आमोंताँच्याच बाजूने निघाले.

अकादमीची शंका हास्यास्पद नव्हती. वीट सपाट बाजूवर ठेवली आणि मग कडेवर उभी केली, तर जमिनीला टेकणारे तिचे क्षेत्र पुष्कळ कमी होते. घासणारे क्षेत्र कमी झाले तर घासणेही कमी व्हावे, असे कोणताही समंजस माणूस म्हणेल. प्रयोग सांगतो की फरक पडत नाही. नियम हाती आला, पण तो खरा का आहे हे कुणाला सांगता येईना; आणि ही अवस्था थोडीथोडकी नव्हे, अडीचशे वर्षे टिकली.

मधल्या काळात शार्ल ओग्युस्तँ कुलोम येऊन गेला. हा लष्करी अभियंता. मार्तिनिक बेटावर तटबंदी बांधण्यात त्याची काही वर्षे गेली होती आणि पुढे रोशफोर येथील गोदीत त्याने जहाजांच्या लाकडांवर व दोरखंडांवर घर्षणाचे विस्तृत प्रयोग केले. १७८१ साली अकादमीचे पारितोषिक मिळवणारा त्याचा प्रबंध १७८५ साली छापला गेला. विद्युत्भारांच्या नियमामुळे त्याचे नाव अजरामर झाले. घर्षणावरचे त्याचे काम अधिक कष्टाचे होते. पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक उंचवटे असतात, एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खाचांत अडकतात आणि सरकताना ते एकमेकांवर चढावे लागतात, असे त्याचे स्पष्टीकरण होते. आजही बहुतेकांच्या मनात घर्षणाचे चित्र हेच असते. स्कॉटलंडचा जॉन लेस्ली याने १८०४ साली त्यावर एक साधा आक्षेप घेतला. चढायला जे श्रम पडतात ते उतरताना परत मिळतात. उंचवटे चढणे-उतरणे एवढेच असते तर हिशेब शेवटी शून्यावर आला असता. मग तळहात एकमेकांवर चोळले असता ऊब येते ती कुठून? आक्षेप बिनतोड होता. कुलोमचे चित्र तरीही पुस्तकांतून हलले नाही. चित्रांना स्वतःचे असे एक घर्षण असावे.

उत्तराची चाहूल खरे तर आधीच लागली होती. इ.स. १७२५च्या सुमारास इंग्लंडमध्ये देझाग्युलिए याने शिशाचे दोन गोळे घेतले, प्रत्येकाचा थोडा भाग कापून सपाट केला आणि ते एकमेकांवर दाबून पिळले. ते असे चिकटले की वेगळे करायला चांगलाच जोर लागला. गुळगुळीतपणाने घर्षण कमी व्हावे, तर इथे ते पराकोटीला गेले होते. ही दिशा पुढे नेली ती केंब्रिजमध्ये फिलिप बाउडेन आणि डेव्हिड टेबर यांनी, १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून. १९५० साली त्यांचा ग्रंथ निघाला. दोन पृष्ठे एकमेकांवर ठेवली की ती फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात, हा त्यांच्या विचाराचा गाभा. या टोकांवर सगळा भार पडतो, तिथला दाब प्रचंड होतो, टोके चेपतात. आणि भार पेलण्यापुरते क्षेत्र तयार झाले की चेपणे थांबते. सौम्य पोलादाच्या बाबतीत १०० किलोग्रॅमचा भार पेलायला अवघे एक चौरस मिलिमीटर खरे क्षेत्र पुरते. तळ दहा सेंटिमीटर लांबरुंद असला तर दिसणाऱ्या क्षेत्राचा तो दहा हजारावा हिस्सा भरतो.

आता विटेचे कोडे सुटते. वीट सपाट ठेवली काय किंवा कडेवर ठेवली काय, भार तोच. म्हणून खरे टेकणारे क्षेत्रही तेवढेच. आडव्या विटेखाली टेकणारे बिंदू दूरदूर विखुरलेले असतात, उभ्या विटेखाली ते दाटीने असतात, इतकाच भेद. भार दुप्पट झाला की बिंदूंचे एकूण क्षेत्र दुप्पट होते आणि घर्षणही. या बिंदूंवर दोन्ही पदार्थांचे कण एकमेकांना धरून बसतात. सरकवायचे म्हणजे हे जोड तोडायचे, आणि तोडण्यात खर्ची पडलेले श्रम उष्णतेच्या रूपाने निघून जातात. ते परत मिळत नाहीत. चंदन सहाणेवर उगाळताना जो लेप सुटतो तो मोडलेल्या टोकांचाच असतो. जात्याच्या पाळी गुळगुळीत झाल्या की टाकी लावून त्या पुन्हा खडबडीत कराव्या लागतात, तेव्हा कुलोमचे उंचवटेही अगदीच निरुपयोगी ठरत नाहीत. दाण्याच्या मापाने ते खरेच असतात. अडखळणे आणि चिकटणे यांचे प्रमाण पदार्थागणिक बदलते. म्हणूनच घर्षण गुणांक आजही सिद्धांतावरून काढता येण्यापेक्षा प्रयोगाने मोजून तक्त्यातच लिहिला जातो. रबरासारखे पदार्थ तर आमोंताँचे नियमही पुरते पाळत नाहीत. त्यांना नियम म्हणायचे ते सवयीने.

कुलोमच्या प्रयोगांतले एक निरीक्षण मात्र त्याच्या स्पष्टीकरणापेक्षा दीर्घायुषी ठरले. लाकडावर लाकूड जितका अधिक वेळ स्थिर ठेवावे, तितके ते सुटायला अधिक बल लागते, असे त्याला आढळले होते. वर्षभर न हललेले कपाट पहिल्या रेट्याला दाद देत नाही यात फरशीच्या मळाचा आणि गंजाचा वाटा असेलच. पण टेकणारे बिंदू भाराखाली सावकाश चेपत, विस्तारत राहतात, हेही कारण आहे. १९७०च्या दशकात जेम्स डीटरिच यांनी खडकांच्या तुकड्यांवर हीच गोष्ट मोजली. खडकांकडे वळण्याचे कारण उघड होते. जमिनीखाली भेगांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर दाबलेले असतात. त्यांना सरकवणारे बल वर्षानुवर्षे वाढत जाते. घर्षण तेवढेच उत्तर देत राहते. आणि मर्यादा ओलांडली गेली की खडक एकदम सुटतात. कपाटाच्या तिसऱ्या रेट्यात जे घडले, तेच तिथे भूकंपाच्या रूपाने घडते.

या मर्यादेत भूशास्त्राने एक भर घातली. हबर्ट आणि रूबी या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी १९५९ साली एका प्रबंधात बिअरच्या रिकाम्या डब्याचा प्रयोग नोंदवला आहे. डबा थंड करून उघड्या तोंडाने ओल्या काचेवर ठेवला आणि काच अगदी थोडी कलती केली, तर तो आधी जागेवर राहतो. आतली हवा तापून फुगू लागते तसा तो एखाद्या अंशाच्या उतारावरूनही घसरत जातो. काच तीच, डबा तोच, गुणांकही तोच. हवेने डब्याचा भार काही अंशी स्वतःवर घेतला. काचेवरचा दाब घटला. त्याबरोबर मर्यादा घटली. खडकांच्या भेगांतले पाणी दाबाखाली असेल तर ते हवेचीच भूमिका बजावते. असे पाणी वंगणासारखे काम करते, असे पुष्कळदा लिहिले जाते, आणि तेही शालेय पुस्तकातल्या त्या वाक्यासारखेच ढोबळ आहे. दगडाची घसरण्याची जात पाणी फारशी बदलत नाही. बहुतेक खडकांचा गुणांक ०.६ ते ०.८५ या दरम्यानच राहतो. पाणी खडकांना परस्परांपासून किंचित उचलून धरते.

कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२पासून पाणी साठू लागले आणि लवकरच लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सुमारे ६.३ प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. जलाशयाने भूकंप निर्माण केला, असे म्हणणे योग्य होणार नाही. खडकांवरचा ताण आधीपासूनचा होता, आणि घर्षण त्याला तोवर पुरेसे उत्तर देत आले होते. खोल भेगांत पोचलेल्या पाण्याच्या दाबाने त्या उत्तराची मर्यादा खाली आणली, असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. मर्यादा किती खाली आली हे सांगायचे तर तिथल्या खडकावरचा ताण आणि पाण्याचा दाब प्रत्यक्ष मोजणे भाग होते. त्यासाठी कोयना परिसरात गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विंधणविहीर घेण्यात आली. तिचे काम २०१७ साली पूर्ण झाले. सह्याद्रीचा काळा पाषाण या भागात सुमारे एक ते सव्वा किलोमीटर खोलीपर्यंतच आहे. त्याखाली फार जुना ग्रॅनाइट लागतो, आणि भूकंप होतात ते बहुतांशी त्या ग्रॅनाइटमध्ये.